वेदीवर

रिकाम्या चर्चमध्ये दोघे साडू रंगकाम करत होते. शिडी पुरेना, म्हणून थोरला सरळ वेदीवर चढला आणि शीळ घालत छताला ब्रश मारू लागला.

"दादा, वेदी आहे ती. खाली उतरा," धाकटा म्हणाला.

"देव काय झोपमोड करून बघायला येणार आहे?"

तेवढ्यात मागचे सगळे बाक एकदम करकरले, शेकडो माणसांनी गुडघे टेकावेत तसे. थोरल्याने वळून पाहिलं. बाक रिकामेच होते. फक्त धाकटा फरशीला कपाळ टेकून बसला होता.

"कोण आलंय रे मागे?"

"मागे नका बघू, दादा," धाकटा पुटपुटला. "ते ज्याच्यापुढे वाकलेत, तो तुमच्या शेजारी उभा आहे."

थोरल्याने मान वर न करता, चाचपडत पायातल्या चपला काढल्या.