कॅमेऱ्यापासून खुर्चीपर्यंत

"याचा टायमर किती सेकंदांचा?" बाबांनी विचारलं.

अंधुक उजेडात पळणारं मूलही या कॅमेऱ्यात कसं स्वच्छ येतं, हे विक्रेता अगदी मन लावून सांगत होता. तो मध्येच थांबला. "दहा सेकंदांचा, काका. मघाच्या दोन्हींमध्येही दहाच होता."

"हं," म्हणून बाबांनी तोही कॅमेरा बाजूला सरकवला.

मुलीने आता हात टेकले होते. रजा टाकून ती आईबाबांना घेऊन सकाळपासून दुकानं पालथी घालत होती. जुन्या कॅमेऱ्यात घरातले फोटो काळपट येतात, तिचा मुलगा एका जागी ठरत नाही म्हणून तो दरवेळी धूसर येतो, तेव्हा लेन्स कशी हवी आणि सेन्सर कसला हवा, हे तिने बाबांना इतक्यांदा समजावलं होतं की आता तिचीच तिला कीव येत होती. पालथ्या घड्यावर पाणी. बाबांचं टायमरपुढे गाडं सरकत नव्हतं.

घरातला सगळ्यांचा मिळून फोटो बाबाच काढत. कॅमेरा कपाटावर ठेवायचा, बटण दाबायचं आणि धावत येऊन आईशेजारी उभं राहायचं. घरातल्या कुणी काढला तर तो बिचारा फोटोत नसतो, आणि परक्या माणसाकडे बघून कुणी हसत नाही, नुसते दात दाखवतं, असं त्यांचं म्हणणं. मुलगी लहान होती तेव्हापासून ते न चुकता वेळेवर पोचत आले होते, धापा टाकत, पण पोचत. मागच्या महिन्यातल्या फोटोत मात्र त्यांचं नुसतं कोपर आलं. सगळे पोट धरून हसले. बाबाही हसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं, की जुन्या कॅमेऱ्याचा टायमर बिघडलाय, हल्ली लवकर सुटतो, आता नवा घेतलाच पाहिजे.

आईने तेव्हा मुलीकडे पाहिलं होतं. मुलगी कपबशा उचलून आत गेली होती.

"चालवून बघू का?" बाबांनी विचारलं.

"बघा ना, काका."

विक्रेत्याने कॅमेरा काउंटरवर नीट ठेवला. आई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तिला खरं तर घरी जाऊन पाठ टेकायची होती. बाबांनी तिच्याकडे कॅमेरा रोखला, डोळा बारीक करून दोनदा खात्री केली. "हास गं जरा."

"हसतेय. आता दुपार झाली हसून," आई म्हणाली.

बाबांनी बटण दाबलं. छोटा लाल दिवा लुकलुकायला लागला. ते वळले. वळायलाच त्यांना वेळ लागला. काउंटरचा आधार सोडून त्यांनी एक पाय टाकला, मग दुसरा, मधल्या स्टँडला वळसा घातला. घरात हे अंतर हसण्या-ओरडण्याच्या गोंधळात जायचं. "बाबा, पळा पळा" म्हणून सगळे किंचाळायचे आणि कुणाचं लक्ष त्यांच्या पायांकडे नसायचं. इथे दुकान शांत होतं. मुलीने पहिल्यांदाच बाबांना नीट चालताना पाहिलं.

दिवा घाईघाईने लुकलुकला. खट्.

बाबा तसेच मध्यावर उभे राहिले. मग परत आले आणि पडद्यावर वाकून त्यांनी फोटो पाहिला. आई स्वच्छ आली होती, साडीच्या काठावरची वेलबुट्टीसुद्धा मोजून घ्यावी इतकी. तिच्यापुढे कोपऱ्यात बाबांची अर्धी पाठ होती.

"हा वापरलेला तर नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे हो, काका. तुमच्यासमोरच खोकं फोडलं."

बाबांनी मान हलवली. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, तो चांगला स्वच्छ असताना.

"रिमोट मिळतो, बाबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा मऊ आला. "आधी जाऊन उभं राहायचं आणि मग बटण दाबायचं. धावायला नको."

"नको गं." ते काउंटरवरच्या कॅमेऱ्यांकडे पाहत होते. "तुला हवा तो घे. पोराचे फोटो चांगले येतील असा. काढतही जा तूच. सगळ्यांच्यात मी एक नसलो म्हणून काय बिघडतंय?"

विक्रेता उगाचच लेन्सला झाकण लावायला लागला.

"अहो," दाराजवळून आई म्हणाली. "परत दाबा."

"पुरे झालं. तू दमलीयेस."

"दमलेय म्हणूनच सांगतेय. दाबा एकदाचं."

जन्मभर ज्या सुरात तिने त्यांना जेवायला उठवलं, तोच सूर. बाबांनी झाकण बाजूला केलं, कॅमेरा रोखला, बटण दाबलं आणि निघाले. पाय, मग पाय. स्टँडपर्यंत आले तेव्हा दिवा अजून सावकाश लुकलुकत होता. पण पुढचं अंतर त्यांना झेपणार नव्हतं, हे आता दुकानात सगळ्यांनाच कळत होतं.

आई उठली. खुर्चीच्या पाठीला धरून तिने ती फरशीवरून कर्रकर्र ओढायला सुरुवात केली, सरळ बाबांच्या दिशेने.

"काकू, हलू नका!" विक्रेता ओरडला. "फोकस तिथेच धरलाय. सगळं धूसर येईल!"

"येऊ दे," आई खुर्ची ओढत म्हणाली. "माणूस आत आला म्हणजे झालं."