शिक्क्याचा साप

सासूबाईंचे पाय खाटेवरून खाली लोंबत होते आणि खाटेखाली साप होता.

सून अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होती. हातातली चादर तिने छातीशी धरली आणि आधी शेपूट शोधलं. या घरात सापाचं तोंड पाहायची पद्धत नव्हती.

पद्धत नवऱ्याने पाडलेली. तो वजनमापांचा निरीक्षक. दुकानोदुकानी तराजू तपासायचे आणि बरोबर निघाले की शिक्का मारायचा, यात त्याची हयात गेली होती. उन्हाळा लागता लागता पाण्याच्या टाकीखाली साप निघाला, तेव्हा वनखात्याचा माणूस आला. त्याने साप धरला, बिनविषारी आहे म्हणाला, उंदीर खाईल, राहू द्या म्हणाला. मात्र या वाळवंटात हुबेहूब असाच दिसणारा एक जहरीही असतो, असं सांगून त्याने पट्टे, खवले, डोळ्यातली बाहुली असं बरंच काही समजावलं. "एवढं कुणाच्या लक्षात राहतंय?" म्हणत नवऱ्याने बायकोची नेलपॉलिश आणली आणि धरलेल्या सापाच्या शेपटीवर लाल ठिपका दिला. ठिपका असेल तो आपला, नसेल तो परका. वनखात्याचा माणूस काहीतरी बोलणार होता, पण बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

तेव्हापासून घर निर्धास्त झालं. सासूबाईंनी सापाचं नाव जावई ठेवलं. येतो, खातो, सावलीला पडतो आणि कुणाशी चार शब्द बोलत नाही. सून रोज सकाळी टाकीजवळ त्याची पाण्याची थाळी भरून ठेवी. आधी लांबूनच पाणी ओतायची. मग लाल ठिपका दिसला की जवळ जायची.

आज शेपूट सासूबाईंच्या चपलेआड होतं. सून श्वास रोखून उभी राहिली. साप थोडा पुढे सरकला आणि शेपूट बाहेर आलं. चकचकीत, नव्यासारखं, आणि कोरं.

हाक मारावी तर झोपलेल्या सासूबाई दचकून पाय खाली टाकायच्या. न मारावी तर त्या झोपेतही पाय हलवतात.

नवरा कप घेऊन दारात आला. त्याने आधी तिचा चेहरा पाहिला, मग खाट पाहिली. कप खाली ठेवून त्याने भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं.

"ठिपका?" त्याने नुसत्या ओठांनी विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं.

त्याने फावडं उगारलं. फावडं आणि साप यांच्यामध्ये त्याच्या आईचा सुजलेला घोटा होता. गुंजभराचा फरक पकडणाऱ्या हाताला नेम धरता येईना.

तेवढ्यात वारा आला आणि काटेरी कुंपणावर काहीतरी सळसळलं. दुसरा, असं वाटून सून गर्रकन वळली. पण ती नुसती कात होती. पांढुरकी, पोकळ, काट्यांत अडकून फडफडणारी. तिच्या टोकाला लाल ठिपका होता.

जावई कपडे बदलून गेला होता, आणि शिक्का कपड्यांवर राहिला होता.

म्हणजे खाटेखालचा जावईच असेल. किंवा नसेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने सापाच्या तोंडाकडे पाहिलं. तेही तिच्याकडेच वळलेलं होतं. बाहुली उभी असली तर वाईट की गोल असली तर वाईट, हे तिला काही केल्या आठवेना.

"थांबा," ती कुजबुजली आणि तिने कुंपणाकडे बोट केलं. नवऱ्याने पाहिलं. फावडं धड खाली येईना, धड वर जाईना. तराजूच्या काट्यासारखं अधांतरी हलत राहिलं.

सासूबाई जाग्या झाल्या. डोळे मिटलेलेच ठेवून त्या उजव्या पायाने चप्पल चाचपू लागल्या.

"एवढी शांतता कसली गं? जावई आलाय वाटतं?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं.

"ठिपका आहे ना?"

पाय खाली येत होता.

"आई, पाय वर घ्या," सून म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "दोन्ही. अगदी सावकाश."

सासूबाईंनी सुनेचं काही उलट न बोलता ऐकलं असेल, तर ते त्या दुपारी. पाय वर गेले. साप थबकला. मग घाई नसल्यासारखा थाळीशी गेला, सुनेनेच सकाळी भरलेलं पाणी प्याला आणि टाकीखाली दिसेनासा झाला. जावई तिथेच जायचा. अंगणात सावली तेवढीच होती. परकाही तिथेच गेला असता.

"वनखात्याला फोन करा," सून म्हणाली. ती धुण्याच्या दगडावर कधी चढली, ते तिलाही कळलं नव्हतं.

"आज रविवार."

"मग तोवर आम्ही अशाच बसायचं का, कोंबड्यांसारख्या?" सासूबाईंनी खाटेवरून विचारलं.

नवरा आत गेला आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आला.

"तराजूचाही शिक्का दरवर्षी नव्याने मारावाच लागतो," तो म्हणाला.

"मग मारा."

तो उंबऱ्यावर उभा राहिला. खाली पाय त्याने ठेवला नाही. बाटली उघडी होती, झाकणाच्या ब्रशवर लाल थेंब लोंबत होता. गरम वाऱ्यात तो तिथेच वाळला.