दुसरी वायर

वायफाय घरात पुरेना, तेव्हा केवळरामचा संशय शेजारच्या पत्रूवर गेला. "तोच चोरून वापरते," म्हणत त्यानं वायफाय बंदच केलं आणि सुनेच्या कॉम्प्युटरला सरळ वायर जोडून घेतली. तरीही नेट रखडतच होतं.

दुपारी सून रोशनीनं भिंतीवरचा नेटचा डबा काढून पाहिला. मागे वायरी दोन होत्या. दुसरी खिडकीतून निघून थेट घरामागच्या तलावात उतरली होती.

केवळरामनं ती जाळ्याच्या दोरीसारखी बोटांवर घेतली. जाळ्यात काय आलंय, हे तो जन्मभर दोरीवरूनच ओळखत आला होता. वायर हळूच ताणली गेली, मग सैल झाली.

"मामाजी, मासोळी हाय का?" रोशनीनं सासऱ्याला विचारलं.

"नाई. मासोळी झटके देते," तो पुटपुटला. "तिकडून कोनीतरी माह्यावानीच बोटावर दोरी धरून पाहून राह्यलं, जाळ्यात काय आलं ते."