म्हातारपणाची काठी

आयुष्यभर पायी टपाल वाटलेल्या आजोबांचे गुडघे गेले, तेव्हापासून ते मुलाकडे एक काठी मागत होते. "आणतो हो बाबा, कुठे पळायचंय तुम्हाला?" असं म्हणून मुलगा रोज हात हलवत घरी यायचा. शेवटी सुनेनेच खालच्या चाफ्याची फांदी वाळकी समजून तोडून आणली. आजोबा त्या काठीच्या आधाराने गॅलरीत जायचे, ती तिथल्या कुंडीत खोचायचे आणि खुर्चीत बसायचे.

मध्ये महिनाभर ते तापाने अंथरुणाला खिळले. उठून बघतात तर काय, काठीने कुंडीत मूळ धरलेलं आणि शेंड्याला फुलांचा घोस!

"अरे गाढवा, फोटो कसले काढतोस? ती काठी उपटून दे, मला संडासला जायचंय!" आजोबा भिंतीला धरून ओरडले.

"जिवंत झाड आहे ते, बाबा! जरा तरी दयामाया ठेवा!" मुलगा खेकसला.

त्याच संध्याकाळी मुलगा बाजारातून चांगली मजबूत काठी घेऊन आला. आजोबांचे डोळे भरून आले, त्यांनी हात पुढे केला.



मुलाने ती कुंडीत रोवली आणि चाफ्याला बांधली. बिचारा एका बाजूला कलत होता ना!