हूक नसलेला डबा

"रिपोर्ट चांगला आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात आता विषाणू सापडत नाही. औषधानं त्याचं काम केलंय."

शंटरचा जीव भांड्यात पडला. बायकोला आणलं त्याच दिवशी बाईंनी त्याला समजावलं होतं. तिच्या मेंदूत शिरलेला विषाणू एकेक कडी जोडत स्वतःच्या नकला काढतो. औषध हुबेहूब त्या कडीसारखं दिसतं. विषाणू फसतो, ते जोडून घेतो, पण त्याला पुढची कडी अडकवायला जागाच नसते. नक्कल अर्ध्यावरच थांबते. शंटरचा सगळा जन्म रेल्वेच्या यार्डात डबे जोडण्यात गेला होता. मागे हूकच नसलेला डबा गाडीला लागला तर काय होतं, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. बरी जिरली लेकाची, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं.

"मग आता ती मला ओळखेल?" त्यानं विचारलं.

बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, औषध पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरून काढत नाही. थोडंफार परत येईलही, पण भरवसा देता येणार नाही.

आदल्या दिवशी आणलं असतं तर, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही. लग्नापासून दोघांचा एक खेळ होता. तो उशिरा आला की ती दारात अनोळखी चेहरा करून विचारायची, कोण हवंय आपल्याला? तो कधी पोस्टमन व्हायचा, कधी नळवाला. त्या संध्याकाळी ती तापानं फणफणली होती, तरी तिनं तेच विचारलं. आणि हा पठ्ठ्या हसत म्हणाला, मीटर बघायला आलोय. तापाची गोळी देऊन त्यानं तिला झोपवलं. सकाळी झटके आले तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

तो वॉर्डात गेला. ती उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर बरीच तरतरी होती. त्याला बघून ती अदबीनं हसली.

"रोज येता हो तुम्ही. घरी बायको वाट बघत असेल की तुमची."

"नाही," तो म्हणाला. "मीच तिची वाट बघतोय."

तिला फार वाईट वाटलं. पाय जवळ ओढून घेत तिनं खाटेवर जागा केली.

"मग ती येईपर्यंत बसा इथे."