डॉक्टरबाईंची सकाळ

"आत जाऊ नका," दारातल्या नर्सने हलक्या आवाजात बजावलं. "बाई बसल्यात."

बाई बसल्यात म्हणजे काय, ते अख्ख्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी डॉक्टरबाई आपल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून बसत. दिवसाचं पहिलं ऑपरेशन मनातल्या मनात करून बघत. रक्त कुठे उसळेल, उसळलं तर काय करायचं, सगळं. हृदयाच्या सर्जन म्हणून त्यांचं नाव झालं ते या बैठकीच्या जोरावर, असं त्या स्वतःच सांगत. "हात सगळ्यांनाच दोन असतात. शांत डोकं कमवावं लागतं."

काल रात्री त्या घरी गेल्याच नव्हत्या. ऑपरेशनचे कपडेही आधीच अंगावर होते.

नवऱ्याला मात्र नर्सने अडवलं नाही. तो येऊन शेजारी टेकला.

"झोपलात का?" बाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

"कसली झोप! अजून वेळ आहे, ऐक. मोठमोठे सर्जन पडलेत गावात. त्यांच्यापैकी कोणाला तरी..."

"झडप पार निकामी झालीय. त्यात पेशंट महाहट्टी, वर्षभर आज-उद्या करत राहिला. आता हे काम एकीच्याच हातचं आहे."

"आणि काही कमीजास्त झालं तर?"

"तर काय करायचं, तेही ठरलंय. तुम्ही फक्त जीव मुठीत धरून बसू नका. माझं लक्ष उडतं."

त्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

दारावर टकटक झाली. धाकटी डॉक्टर आत आली. विद्यार्थिनी म्हणून आलेली ही मुलगी आता बाईंचा उजवा हात झाली होती.

"बाई, तयारी झालीय."

"सकाळी बसलीस?"

"बसले."

"मग सांग."

धाकटी सगळं ऑपरेशन क्रमाने सांगू लागली. बाई मान हलवत ऐकत होत्या. एका ठिकाणी ती अडखळली.

"इथे तुमच्यापेक्षा वेगळा टाका घ्यावा, असं मला वाटतं. जास्त सुरक्षित आहे."

बाईंनी पुन्हा डोळे मिटले, मनातल्या मनात तो टाका घालून पाहिला.

"बरोबर आहे तुझं," त्या सावकाश म्हणाल्या. "मला इतकी वर्षं सुचलं नाही. तसाच घ्यायचा." मग नवऱ्याकडे वळून, "ऐकलंत? माझी विद्यार्थिनी आहे."

ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांनी दिव्यांवर, हत्यारांवर, प्रत्येक चेहऱ्यावर नजर फिरवली. "आज कोणी घाई करायची नाही," त्यांनी बजावलं. धाकटीचे हात क्षणभर आपल्या हातात घेतले. कोरडे होते, स्थिर होते. बाईंची छाती अभिमानाने भरून आली.

"चल, कर सुरू," त्या म्हणाल्या आणि टेबलावर आडव्या झाल्या.