बर्फावरचा आवाज

“बर्फ! काका, बर्फ आणा आधी, पळा!”

भाविकाने लॅपटॉपवर ठेवलेला हात झटकून मागे घेतला. पापड भाजून निघाला असता, इतका तो तापला होता. आतून टक्, टक्, टक् आवाज येत होता. स्क्रीनवर पेनड्राइव्हमध्ये फायली उतरवणारी हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. पण सरकत तरी होती.

गोटीरामकाका मासळीचा थर्माकोलचा डबा घेऊन धावत आले. बर्फाच्या पिशव्या त्यांनी परातीत पसरल्या. भाविकाने लॅपटॉप अलगद उचलून त्यांच्यावर ठेवला. वायर निसटू नये म्हणून पुतळाकाकी चार्जर घट्ट धरून बसली.

“पानी जाईल ना गो आत?”

“पिशव्यांना गाठी मारल्यात, काका. तुम्ही फक्त बर्फ बघा.”

एरवी चुलत्याला असं बोलणाऱ्या पोरीला काकीने तिथल्या तिथे फैलावर घेतलं असतं. पण श्रावणात काकीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता गळ्यातल्या भोकावर पांढरं फडकं बांधून ती नुसती बघत होती. दिवाळे गावात तिच्या धवल्यांशिवाय एक हळद लागली नव्हती. लग्नाची ती गाणी तिच्या तोंडूनच ऐकायची, असा नेमच पडला होता. आणि उद्या तिच्या स्वतःच्या लेकीची, सुचिताची हळद होती.

धवले या लॅपटॉपमध्ये होते. चारच. भाविकाने शाळेच्या प्रोजेक्टसाठी काकीच्या आवाजात कधीतरी भरून घेतलेले.

“तुज्या मोबाईलमदी नाय काय?” काकांनी विचारलं.

“मोबाईल फुल झाला म्हणून तर इथे टाकले ना!” ती उगाच मोठ्याने म्हणाली.

खारघरच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानवाल्याने सकाळीच हात वर केले होते. डिस्क जातेय, लॅबला पाठवू, पंधरा दिवस लागतील. तोवर चालू करू नका, नाहीतर आहे तेही जाईल. पंधरा दिवसांनी गाणी घेऊन काय करायचं? “मी काढते,” भाविकाच बोलली होती. शाळेचा मेलेला प्रोजेक्टर तिने एकटीने चालू केला होता, तेव्हापासून अख्ख्या जगात तिला अवघड असं काही उरलंच नव्हतं. काकीने तिच्याकडे बघून मान हलवली होती. तेवढ्यावर हे सगळं चाललं होतं.

पट्टी थांबली.

“चल ना,” भाविका पुटपुटली. “चल ना रे बाबा, थोडंच राहिलंय.” थोडं कुठलं, जवळजवळ सगळंच राहिलं होतं. काकांनी उरलासुरला बर्फ पिशवीत भरून लॅपटॉपच्या बाजूला टेकवला. खोलीभर कोळंबीचा वास सुटला होता.

टक्, टक्. टक्.

मग तोही आवाज बंद झाला. स्क्रीन काळी पडली.

भाविकाने बटण दाबलं. परत दाबलं. दाबून धरलं. काहीच नाही. ती पुन्हा बोट नेणार तेवढ्यात काकीने तिचं मनगट पकडलं. काकीचा हात चार्जर धरून गरम झाला होता. तिने स्वतःच पेनड्राइव्ह उपसला आणि टीव्हीकडे बोट केलं.

“काकी, नसणार काही.”

काकीने बोट खाली घेतलं नाही.

भाविकाने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. दोनदा उलटाच धरला, मग फिरवून बसवला. शेवटी स्क्रीनवर एक ओळ उमटली. एकच फाइल. नाव होतं ‘टेस्ट’. आवाज नीट येतोय का बघायला सगळ्यात आधी घेतलेली, एवढीशी. तेवढीच कशीबशी पलीकडे पोचली होती.

तिने ती लावली. निदान काहीतरी.

पंख्याची घरघर. भांड्याचा आवाज. आणि मग एकदम, टीव्ही फुटेल अशा आवाजात, “अवो! ती मांजर बगा, बोंबील घेऊन चाल्ली! डोले फुटले काय तुमचे? मोबाईलमदी तोंड खुपसून बसलेत. उठा, उठा आदी!” मग मांजराचं ओरडणं, कोणाचं तरी धडपडणं, आणि परत तोच आवाज, जरा जवळून, “काय गो भाविका, ह्ये बी भरून घेतलंस? बंद कर, मेले!”

संपलं.

उद्या मांडवात काय लावणार, मांजर? “माझ्यामुळे झालं,” भाविका म्हणाली. “दुकानवाल्याने सांगितलं होतं, चालू करू नका. सगळे धवले गेले, काकी. मीच घालवले.”

काकीने पदर तोंडाला लावला होता. तिचे खांदे गदगदत होते आणि फडक्यातून नुसती हवा फुसफुसत होती. रडतेय असं वाटून भाविका जवळ गेली. काकी हसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हसत होती.

टीव्ही बंद करायला भाविकाने हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे,” काका म्हणाले. ते खुर्चीत बसले होते, ओले हात तसेच मांडीवर टाकून. “परत लाव.”

“त्यात गाणं नाहीये, काका.”

“म्हाईत हाय. लाव.”

तिने परत लावलं. पंखा, भांडं, मांजर. ‘उठा, उठा आदी!’

गोटीरामकाका खुर्चीतून उठून उभे राहिले.

“उठलो गो,” ते म्हणाले. “उठलो.”